बारा किल्ले आणि एक परका चौकोन

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या अधिवेशनात युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना आपल्या यादीत घेतलं. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले. बारावा जिंजी, थेट तमिळनाडूतला. आता या बारा किल्ल्यांचं मोबाइल ॲप करायचं एखाद्या ट्रेकिंग मंडळाने किंवा चार हौशी विद्यार्थ्यांनी मनावर घेतलं, तर मागण्यांची यादी काय असेल ते सांगायला ज्योतिषी नको. इतिहास हवा, फोटो हवेत, कसं जायचं ते हवं, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालायला हवं. आणि बैठक उठता उठता कुणीतरी म्हणतं, "हां, एक नकाशा पण टाका त्यात."

या लेखाचा विषय म्हणजे हे शेवटचं वाक्य. ते बोलायला जेवढा वेळ लागतो, त्याहून फार जास्त वेळ नकाशा टाकायला लागत नाही, हेही खरं. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह ही आज दोन्ही फोनांसाठी एकदाच कोड लिहिण्याची चलतीतली साधनं. दोन्हींसाठी नकाशाची तयार प्लगइनं आहेत. प्लगइन जोडा, गुगलकडून एक किल्ली, म्हणजे एपीआय की, मिळवा, अक्षांश-रेखांश द्या, की दुपारच्या चहाच्या आत पडद्यावर सह्याद्री हजर. बोटाने सरकतो, चिमटीत मोठा होतो. सगळे खूश. पुढचे कित्येक दिवस मग त्या एका चौकोनात जातात, कारण ॲपच्या सगळ्या पडद्यांत तेवढाच भाग ॲपचा स्वतःचा नसतो. त्याचं रंगकाम दुसऱ्याचं, अक्षरं दुसऱ्याची, सीमारेषा सरकारच्या, आणि हिशेबाची वही तिसऱ्याकडे.

आधी तो सरकतो कसा, ते पाहू. २००५ च्या आधी इंटरनेटवरचा नकाशा म्हणजे एक चित्र असे. कडेचा बाण दाबायचा, अख्खं पान पुन्हा उतरण्याची वाट पाहायची, मग थोडं पूर्वेकडचं चित्र. सिडनीमधल्या 'व्हेअर टू टेक्नॉलॉजीज' नावाच्या चिमुकल्या कंपनीत लार्स आणि येन्स रासमुसेन हे डॅनिश भाऊ आणि त्यांचे दोन साथीदार यावर उपाय शोधत होते. २००४ मध्ये गुगलने ती कंपनी विकत घेतली आणि ८ फेब्रुवारी २००५ रोजी गुगल मॅप्स लोकांसमोर आला. युक्ती अशी की जगाचा नकाशा आधीच चौकोनी तुकड्यांत कापून ठेवायचा, आणि बोट जिकडे सरकेल तिकडचे तेवढेच तुकडे मागवायचे. या तुकड्यांना टाइल म्हणतात. शून्य पातळीवर सगळं जग २५६ गुणिले २५६ ठिपक्यांच्या एकाच टाइलमध्ये मावतं. पुढच्या प्रत्येक पातळीला एकेका टाइलच्या चार होतात. अठराव्या पातळीवर हा आकडा ६,८७१ कोटींच्या वर जातो. तिथे आपल्या अक्षांशावर एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण अर्धा मीटर. रायगडावरचं जगदीश्वराचं देऊळ त्यात व्यवस्थित ओळखू येतं.

जग चौरस बसावं म्हणून मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी मांडलेलं प्रक्षेपण थोडं सोपं करून वापरलं जातं आणि दोन्ही ध्रुवांकडचे, ८५ अंशांपलीकडचे भाग सरळ छाटून टाकले जातात. ध्रुवावर किल्ला नाही, त्यामुळे आपली तक्रार नाही.

गंमत म्हणजे गुगलने हा नकाशा इतरांना वापरू देण्याआधीच तो वापरला गेला होता. पॉल रेडमाकर नावाच्या प्रोग्रामरने २००५ च्या वसंतात गुगलचा कोड उलगडून पाहिला आणि भाड्याच्या घरांच्या जाहिराती त्या नकाशावर टाचून दाखवल्या. गुगलने त्याला कोर्टात खेचलं नाही, नोकरीवर घेतलं. आणि त्याच जूनमध्ये बाहेरच्यांसाठी अधिकृत दार उघडलं. दुसऱ्याच्या पानात आपला नकाशा बसवण्याचा धंदा तिथून सुरू झाला.

पण पान वेगळं आणि ॲप वेगळं. फ्लटरची रीत अशी की फोनची तयार बटणं, तयार यादी असलं काही ते वापरत नाही. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका ते स्वतःच रंगवतं. म्हणूनच दोन्ही फोनांवर ॲप हुबेहूब सारखं दिसतं. नेमकं इथेच नकाशाशी वाजतं. गुगलचा नकाशा ही अँड्रॉइड आणि आयफोनसाठी वेगवेगळी लिहिलेली तयार वस्तू. तिचं चित्र ती स्वतः काढते, फ्लटरला ब्रशसुद्धा लावू देत नाही. तेव्हा फ्लटरच्या चित्रात एक चौकट रिकामी ठेवून तिथे हे परकं चित्र बसवावं लागतं. नकाशा हा ॲपच्या घरातला पोटभाडेकरू आहे: खोली आपली, पण कुलूप त्याचं. अँड्रॉइडवर ही जोडणी आधी एका पद्धतीने झाली, मग दुसरी आली, मग त्या दोन्हींचे दोष टाळणारी तिसरी. आणि प्रत्येकीत वेग, स्पर्श आणि मजकूर टाइप करणं यांपैकी कशावर तरी पाणी सोडावं लागलं. जुन्या स्वस्त फोनवर नकाशा असलेला पडदा सरकवताना जो हिसका बसतो, तो बहुतेक वेळा या सांध्यातला असतो.

आयोनिकसारख्या साधनात ॲप म्हणजे मुळात आत लपवलेलं वेबपान. तिथे अँड्रॉइडवर गुगलचा नकाशा चक्क पानाच्या खाली ठेवतात आणि वरच्या पानाला तेवढ्या जागी पारदर्शक करतात. वरच्या एखाद्या घटकाला पांढरी पार्श्वभूमी राहून गेली, की खालचा नकाशा झाकला जातो आणि डेव्हलपर तासभर इंटरनेटला शिव्या घालतो. रिॲक्ट नेटिव्ह फोनच्याच तयार वस्तू वापरतं, त्यामुळे तिथे नकाशाला उपरं वाटत नाही. पण तिथली प्रचलित लायब्ररी काही वेगळं सांगितलं नाही तर आयफोनवर ॲपलचा आणि अँड्रॉइडवर गुगलचा नकाशा उघडते. कोड एकच, पण नवऱ्याच्या फोनवर दिसणारी पायवाट बायकोच्या फोनवर असेलच असं नाही.

मग बोटांचं भांडण. किल्ल्याच्या माहितीचं लांब पान आहे, मध्ये नकाशा आहे. वाचक बोट वर सरकवतो. पान सरकायचं की नकाशा? दोघंही हात पुढे करतात. फ्लटरमध्ये नकाशाला 'स्पर्श आला की तो तुझाच' असं सांगता येतं, पण मग वाचक नकाशात अडकतो. पान पुढे जाईना. माझ्या मते लांब पानात हलता नकाशा ठेवूच नये. तिथे नकाशाचं साधं चित्र ठेवावं आणि ते दाबल्यावर पूर्ण पडद्याचा नकाशा उघडावा. दिसायला कमी भारी, वापरायला फार बरं.

आता बारा पिना. अक्षांश आधी की रेखांश आधी, यावर जगाचं एकमत नाही. गुगल अक्षांश आधी घेतं. नकाशाची माहिती साठवण्याचा जिओजेसन नावाचा प्रमाण साचा रेखांश आधी लिहायला सांगतो. रायगड साधारण १८.२३ उत्तर, ७३.४४ पूर्व. आकड्यांची अदलाबदल झाली, की राजधानी नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडते. ही चूक निदान लगेच दिसते. लबाड चूक वेगळी असते. जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवरून कुणी निगुतीने अक्षांश-रेखांश उतरवून घेतले, तर ते एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभावर बेतलेले असतात. फोनमधला जीपीएस पृथ्वीचा वेगळा आकार धरतो. आपल्या भागात त्या फरकाने खूण शंभर मीटर किंवा त्याहून जास्त सरकते. डोंगरी किल्ल्यावर ते खपून जाईल. पण मालवणसमोरचा सिंधुदुर्ग सगळा मिळून ४८ एकरांचा. त्याच्या दरवाजाची खूण शंभर मीटर सरकली तर पर्यटक थेट पाण्यात.

बारा पिना एकदम दिसाव्यात, असंही कुणीतरी सांगतंच. उत्तरेला साल्हेर २०.७ अंशांवर, दक्षिणेला जिंजी १२.२५ वर. दोन्ही मावायचे तर फोनच्या पडद्यावर नकाशा सहाव्या पातळीच्या आसपास आणावा लागतो. तिथे एक अंश रेखांश म्हणजे सुमारे ४५ ठिपके. राजगड आणि रायगड यांच्यात पाव अंशही नाही, म्हणजे दोन पिनांत दहा-अकरा ठिपक्यांचं अंतर. आणि बोटाने नीट दाबता यावं म्हणून गुगल ४८ आणि ॲपल ४४ ठिपक्यांची जागा ठेवायला सांगतात. एका जिंजीपायी सगळा सह्याद्री एकमेकांच्या अंगावर चढतो. त्यावरचा रुळलेला उपाय म्हणजे जवळच्या पिनांचा पुंजका करून त्यावर आकडा लिहायचा. हजारो एटीएम दाखवायची असतील तर तो उत्तमच. बारा किल्ल्यांसाठी मात्र 'राजगड, रायगड, प्रतापगड' यांच्या जागी नुसता '३' दाखवणं मला तरी दळभद्री वाटतं. त्यापेक्षा नकाशा महाराष्ट्रावर उघडावा आणि कडेला 'जिंजी, दक्षिणेकडे' अशी बाणाची पाटी ठेवावी. (सगळं मावेल असा नकाशा उघडायचाच असेल, तर एक काळजी घ्यावी. पडद्यावर चौकटीची मापं ठरण्याआधीच ही आज्ञा दिली, तर अँड्रॉइडवर ॲप जागीच बसतं.)

आता अक्षरांकडे येतो. मराठी ॲप करणाऱ्यांनी हा परिच्छेद कापून ठेवावा.

गुगलचा नकाशा देवनागरी सुरेख लिहितो. पण फोनमधला गुगलचा नकाशा कोणत्या भाषेत बोलायचं ते ॲपला विचारत नाही, फोनच्या भाषेकडे बघतो. आणि आपल्याकडे कट्टर मराठी माणसाचाही फोन इंग्रजीत असतो. परिणामी ॲपचं प्रत्येक बटण मराठी आणि नकाशावरची गावं रोमन लिपीत. दुसरा मार्ग ओपनस्ट्रीटमॅपचा. स्टीव्ह कोस्ट या इंग्रजाने २००४ मध्ये सुरू केलेला हा सार्वजनिक नकाशा. कुणीही भर घालावी, कुणीही वापरावा. त्यात प्रत्येक जागेला मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना आहे. तो दाखवायला मॅपलिब्रे नावाचं मुक्त साधन आहे. मॅपबॉक्स या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये आपला कोड मुक्त परवान्यातून काढून घेतल्यावर लोकांनी आधीची प्रत पुढे चालवली, ती ही. झकास चालतं. फक्त मराठी रकाना निवडला, की सिंधुदुर्गाचे हाल सुरू होतात.

कारण असं. हे साधन अक्षरं एकेक सुटी मागवतं आणि आली तशी ओळीने मांडत जातं. रोमनला तेवढं पुरतं. देवनागरीत पहिली वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर, पण दिसायला हवी त्याच्या आधी. रफार लिहिला जातो आधी, पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांकच नाहीत, ती फाँटमधल्या नियमांनी घडतात. ही घडण करणारा टप्पाच या साधनात नव्हता. त्यामुळे रायगड, राजगड, लोहगड सुखरूप उतरतात. शिवनेरी आणि जिंजीची वेलांटी उजवीकडे पळते. प्रतापगडाचा 'प्र' फुटून पायमोडका 'प्' आणि मोकळा 'र' होतो. सुवर्णदुर्गाचे दोन्ही रफार जमिनीवर येतात. अरबीसाठी फार पूर्वीच एक पूरक जोड तयार झाली. देवनागरीसाठी आणि तिच्या भावंडांसाठी काम अलीकडे कुठे सुरू झालं आहे. जी लिपी मराठी, हिंदी आणि नेपाळी मिळून कोट्यवधी लोक वापरतात, तिच्या वाट्याला एवढी वाट पाहणं यावं, याचा राग येतो. पण राग येऊन उपयोग नाही, कारण मुक्त साधनात काम करणाऱ्याला कुणी अडवलेलं नव्हतं. जगाला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पुण्या-मुंबईकरांनी यात हात घातला असता तर कुणी नको म्हटलं नसतं.

तूर्त पळवाट आहे. फ्लटरचा स्वतःचा अक्षरलेखक देवनागरी बिनचूक घडवतो. त्याच्याकडून बाराही नावांची पारदर्शक चित्रं काढून घ्यायची आणि पिनांच्या जागी ती चित्रंच टाचायची. आजूबाजूच्या गावांसाठी मात्र जुन्या पद्धतीच्या, सर्व्हरवरच रंगवून आलेल्या टाइल वापराव्या लागतात; त्यांत अक्षरं आधीच घडलेली असतात.

हिशेबाचं थोडक्यात. २०१८ च्या मध्यावर गुगलने कार्ड जोडल्याशिवाय किल्ली देणं बंद केलं आणि जगभरच्या छोट्या संकेतस्थळांवरचे नकाशे काळवंडले. पण फोनच्या ॲपमधला त्यांचा तयार नकाशा नुसता दाखवायला पैसे पडत नाहीत. तोच नकाशा ॲपमधल्या वेबपानात दाखवला, तर ठराविक फुकट मर्यादेनंतर मीटर पडतो. रस्ता शोधणं, पत्त्यावरून जागा काढणं यांचे वेगळे पैसे. भारतासाठी हे दर ऑगस्ट २०२४ पासून ७० टक्क्यांपर्यंत उतरले. त्याच्या आदल्याच महिन्यात, जुलैत, ओलाने गुगल सोडून आपला नकाशा इतरांनाही देऊ केला होता, हा योगायोग ज्याने त्याने समजून घ्यावा. १९९५ पासूनची मॅपमायइंडिया तर आहेच. किल्ली मात्र आपल्या ॲपच्या सहीला बांधून ठेवावी, नाहीतर कुणीही ती काढून आपल्या बिलावर मजा मारतो. आणि बांधताना हे लक्षात ठेवावं, की प्ले स्टोअर ॲपवर स्वतःची सही करतं. आपल्या टेबलावर छान चालणारा नकाशा लोकांच्या फोनवर कोऱ्या पाटीसारखा दिसतो आणि कोपऱ्यात तेवढं गुगलचं नाव, याचं कारण निम्म्या वेळा हेच.

सीमेचं थोडक्यात सांगून चालणार नाही, कारण तिथे तुरुंग आहे. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात १९९० मध्ये घातलेल्या कलमानुसार, सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गुगल भारतात भारताला मान्य सीमा दाखवतं. ओपनस्ट्रीटमॅपचं धोरण वेगळं: प्रत्यक्ष ताबा कुणाचा, ते काढायचं. म्हणजे त्यांच्या तयार टाइल जशाच्या तशा मराठी ॲपमध्ये लावल्या आणि कुणी बोटांनी नकाशा लहान करत काश्मीरपर्यंत नेला, तर ॲपचा मालक अडचणीत. सह्याद्रीतले किल्ले दाखवणाऱ्याला लडाखची चिंता का, असं वाटेल. पण चौकोन परका आहे, त्यात काय येतं ते आपण ठरवलेलं नाही. निदान बाहेरची मर्यादा आपण घालू शकतो. नकाशा किती लहान होऊ द्यायचा आणि कुठवर सरकू द्यायचा, हे दोन्ही बांधता येतं. दख्खनपुरता बांधला की प्रश्न मिटतो. एरवी, १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशाची माहिती गोळा करण्यासाठी लागणाऱ्या परवानग्यांचं जंगल बरंच साफ केलं. पण सीमेचा नियम जिथल्या तिथे आहे.

राहिला प्रश्न किल्ल्यावर चढल्यावरचा. तिथे रेंज नाही. गुगलच्या अटी टाइल आधीच उतरवून ठेवायला मनाई करतात. ओपनस्ट्रीटमॅपचे देणग्यांवर चालणारे सर्व्हरही घाऊक उतरवणाऱ्याला रोखतात, आणि ते योग्यच आहे. त्यांची कच्ची माहिती मात्र खुली आहे. ती घेऊन प्रत्येक किल्ल्याभोवतीचा तुकडा आपणच रंगवायचा, एका फाइलमध्ये बांधायचा आणि ॲपसोबत द्यायचा. पीएमटाइल्स नावाची मांडणी याच कामाची. कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचं श्रेय छापलं की अट पूर्ण. आता चौकोन बराचसा आपला झाला, असं वाटू लागतं, आणि आपण त्यात उंचीच्या रेषा घालायला जातो.

त्या रेषा बहुतेक ठिकाणी एकाच प्रवासातून आलेल्या आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' यान ११ दिवस पृथ्वीभोवती रडार फिरवत होतं. त्यातून दर ३० मीटरला एक उंची मिळाली. घाटमाथ्यासाठी चांगली आहे. पण १,५६७ मीटरच्या साल्हेरसारखं टोकदार शिखर त्यात बोथट होतं आणि रायगडाचा तुटलेला कडा तीव्र उतार म्हणून उतरतो. ३० मीटरच्या दोन ठिपक्यांमध्ये कडा मावतो. रडारला तो दिसत नाही, पण पाय घसरलेल्याला दिसतो. मोकळ्या आकाशाखाली फोनचा निळा ठिपका पाच मीटरपर्यंत अचूक असतो, दरीत तोच कपारीवरून परतणाऱ्या लहरींनी भरकटतो. त्यात अलीकडचे दोन्ही फोन वापरणाऱ्याला 'फक्त अंदाजे जागा सांगा' हा पर्याय देतात. तो निवडला असेल तर ठिपका शेजारच्या खोऱ्यातही बसेल.

म्हणून गडावर जाणारी वाट ॲपने आखू नये, असं माझं स्पष्ट मत. गाडीचा रस्ता सांगणाऱ्या सेवेला किल्ल्याच्या माथ्याचे अक्षांश-रेखांश दिले, तर ती सरळ रेषेत सर्वांत जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडते. तो रस्ता डोंगराच्या भलत्या अंगाला असला तरी तिचं समाधान होतं. तेव्हा प्रत्येक किल्ल्यासाठी दोन जागा नोंदवाव्यात: एक पिनेसाठी, गडाची, दुसरी रस्ता शोधण्यासाठी, पायथ्याची. रायगडाला पाचाड, राजगडाला गुंजवणे, खांदेरीला थळ, सुवर्णदुर्गाला हर्णै, सिंधुदुर्गाला मालवणचा धक्का. ही दुसरी यादी कुठल्याच कंपनीकडून विकत मिळत नाही. ती भटक्यांना, होडीवाल्यांना, गावकऱ्यांना विचारून हाताने भरावी लागते, आणि तिच्यासोबत 'पावसाळ्यात होड्या बंद' ही ओळही.